ऐकल्याचा रकाना

सव्वासहाला गोरेवाड्याच्या फाटकापाशी आम्ही अकरा जण,
दुर्बिणी सात.
बोकारेंची मंकीकॅप, मागून भोक पडलेली,
शिरीन काझींचा फ्लास्क,
जो आठच्या आत उघडायचा नाही
हा क्लबचा एकमेव लेखी नियम.
बाकीचे नंदनवार सर हातानं सांगतात.
तळवा खाली : थांबा.
बोट ओठावर : बोकारे, तुम्ही.

वही माझ्याकडे.
पक्षी. संख्या. पाहिला. ऐकला.
रेघा मीच मारते शनिवारी रात्री,
मेथी निवडून झाल्यावर.

पाण्यावर धुकं. त्यात हळदीकुंकू बदकं, बारा की तेरा,
एक सारखं डोकं बुडवून शेपूट वर करतं, म्हणून वाद.
शेकाट्या आपल्या लाल काड्यांवर,
पँट दुमडून पाण्यात उतरलेल्या कारकुनासारखा.
"ते काय होय वो, काळं?" गायधने विचारतात,
वीज मंडळातून ऑगस्टात निवृत्त, आज तिसरी खेप.
पाणकावळा, मी सांगते.
"हाव का? मले वाटलं खांब होय."
खांबच होता.
मी वहीतला एक खोडते.

मी पहिल्यांदा आले तेव्हा
मला कावळा यायचा, चिमणी यायची, पोपट यायचा.
सर बाभळीखाली डोळे मिटून उभे राहायचे
आणि सांगायचे : डावीकडे. खालच्या फांदीवर. आता वर गेला.
आम्ही दुर्बिणी फिरवायचो
आणि तो असायचाच तिथं.
डोळे काय, म्हणायचे, डोळे कुणालाही असतात.

आज बेशरमच्या झुडपात
कुणीतरी चिमुकलं जीव खाऊन ओरडत होतं,
तीन हातांवर,
आणि सर तसेच पुढे निघून गेले.

कुणी बोललं नाही. बोकारेसुद्धा.
दिवाळीपासून ठाऊक आहे आम्हाला.
टिटवी येते त्यांना ऐकू, मोर येतो, कोतवाल येतो,
चाळणीतून रवा पडावा तसे
बारीक आवाज तेवढे गळून गेलेत.
मग शिरीनताई म्हणतात, सर, ते पान का हललं बघा ना,
सर वळतात, बघतात, नाव सांगतात,
आम्ही वा म्हणतो.
बरं चाललं होतं.

पण तृषाली मेश्रामला कुणी सांगितलंच नव्हतं.
नववीतली, शाळेच्याच स्वेटरवर आलेली.
"सर, तुमच्या मागं तो एवढा बोंबलून राहिला,
तुम्हाला ऐकू नाही येत का?"

गायधनेंनी बुटाची बांधलेली नाडी
सोडली आणि पुन्हा बांधली.

"नाही," सर म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं : "कसा बोलतो, सांग."

"टीप टीप टीप. आणि मधातच चट्, चट्."
"डीपीवर लूज कनेक्शन असलं का
अस्संच वाजते," गायधने खाली वाकूनच म्हणाले.

सरांनी डोळे मिटले.
इतका वेळ, की शेकाट्यानं जागा बदलली.
"राखी वटवट्या," म्हणाले.
"चट् वाजतं ते उडताना. बघ, जागा बदलली असेल त्यानं."
"हाव," तृषाली म्हणाली, "बदलली."

झुडूप दाट. दिसला कुणालाच नाही.
मी 'ऐकला'खाली एक लिहिला
तर सर वहीवर वाकले :
"कुणी, तेही लिही."
रकान्यात जागा नव्हती.
समासात लिहिलं, आडवं, तृषाली.

फ्लास्क सव्वासातलाच उघडला.
नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

परतताना ती पुढं, सर मागं,
दर वीस पावलांवर थांबून :
"आता?"
"कोतवाल."
"तो येतो मला. त्याच्या मागं?"