उजव्या बाजूने

फणसे साहेब निवृत्त झाले.
खुर्ची मला मिळाली, आणि टेबलाचा तिसरा खण,
जो किल्लीने उघडत नाही, गुडघ्याने उघडतो.

आत एक वही. शाळेची, चौकटींची,
मागच्या पुठ्ठ्यावर गुजराती पाढे.
मला वाटलं, आता सापडेल
मकरपुऱ्याच्या या पत्र्याच्या शेडमधून
एकोणीस वर्षं एकही कॉइल उशिरा कशी गेली नाही.

पहिल्या पानावर:
"परमार. डाव्या कानाने ऐकू येत नाही. लपवतो.
उजव्या बाजूने जाऊन बोलणे."

एवढंच. तारीख नाही.

मी अहमदाबादला तीन दिवसांचं शिबिर केलंय, नेतृत्वाचं.
गारठलेलं सभागृह, डोळ्यांना पट्टी,
आणि पाठीमागे पडायचं, कुणीतरी झेलेल म्हणून.
झेललं मला. एका विमा कंपनीतल्या माणसाने.
त्याचं नाव आता आठवत नाही.

"नवरात्रात पहिली पाळी साडेनऊला. वर कळवू नये.
झोपेतल्या हाताने गुंडाळलेली तार
मे महिन्यात जळते."

"हंसाबेन. हात सोन्याचा. कौतुक केले की दचकते,
पुढचे दोन तास वेढे चुकतात.
कौतुक शनिवारी, सुटताना."

"उत्तरायण. सगळ्यांना सुट्टी हवी. मी येईन."
आणि त्याखाली एकोणीस वेळा,
निळ्या, काळ्या, एकदा पेन्सिलीत:
"आलो."

आभाळभर पतंग, आणि खाली हा माणूस
ओव्हनचं तापमान दर अर्ध्या तासाला टिपत बसलेला.

मग एक पान, अक्षर इतकं दाबून
की पुढच्या दोन पानांवर वळ:
"राठवावर ओरडलो. चूक ड्रॉइंगची, म्हणजे माझी.
केबिनमध्ये बोलावून माफी मागितली."
दुसऱ्या दिवशी:
"हे बरे नाही. ओरडलो सगळ्यांदेखत,
माफी चार भिंतींत?
उद्या चहाच्या वेळी."

तिसऱ्या दिवसाचं पान कोरं.
मी मन्सूरीला विचारलं, काय झालं होतं?
त्याने हातातलं डाग देणं थांबवलं नाही.
"साहेब बोलले. राठवाचा चहा सांडला.
मग सगळ्यांसाठी पुन्हा मागवला."

देव नव्हते. मेलला उत्तर द्यायला चार-चार दिवस,
कॅन्टीनची उधारी कायम,
आणि एकदा, माझ्या तोंडावर:
मुलींना तार सांभाळता येते, माणसं नाही.
मी ते विसरलेले नाही.
वही वाचूनही नाही.

शेवटून तिसऱ्या पानावर मी:
"सबनीस. फार भरभर बोलते. बरोबर बोलते.
मी तिला एकदा लागेलसे बोललो. सांगायला हवे."
बाकीच्या नोंदींपुढे बरोबरची खूण आहे.
या नोंदीपुढे नाही.
निरोपाच्या दिवशी ते माझ्यापाशी थांबले होते, आठवतं,
पेढ्याचा बॉक्स पुढे धरून,
आणि म्हणाले, "पंखा दोनवरच ठेव, तीनवर खडखडतो."

आज चाचणीत एक कॉइल जळाली. परमारची.
वरून मेल आला आहे, एका ओळीचा:
जबाबदार व्यक्तीचं नाव कळवा.
नावाच्या जागी रेघ लुकलुकते आहे.

मी परमारचं पान पुन्हा उघडलं. कानाखेरीज काही नाही.
सहा महिने झाले, माझ्या वहीत तर तेवढंही नाही.
माझ्याकडे वहीच नाही, हजेरीचा तक्ता आहे,
हिरवे-लाल चौकोन.

मेल तसाच ठेवून मी शेडमध्ये उतरले.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
परमार मशीनपाशी उभा, मान खाली,
जळलेल्या वार्निशचा वास अजून हवेत.
जवळची वाट डावीकडून होती.

मी ओव्हनला वळसा घातला.