वहिवाट

टॉडमॉर्डनच्या टेलिफोन एक्स्चेंजबाहेर
मी पाऊण तास उभा आहे.
खिशातल्या कागदावर वेळ लिहिलेली: सव्वानऊ ते अकरा.
किल्ली त्यांच्याकडे.

इमारत त्यांची, कुलूप त्यांचं, तांबं त्यांचं,
दारोदारी जाणारा शेवटचा मैलही त्यांचाच.
आमचा म्हणाल तर आत एक पिंजरा,
सहा बाय आठ फूट, लोखंडी जाळीचा,
भाडं आगाऊ, वीज वेगळी,
आणि पंखा बसवायचं ठरलेलं, मार्चपासून.

कायदा म्हणतो, सर्वांना सारखी वागणूक.
म्हणजे यजमानानेच वाढपी व्हायचं
आणि घरच्या पोरांच्या पानावर
तूप त्याच पळीनं, तेवढंच.
पंक्तिप्रपंच नको, इतकंच.
कायदा लंडनहून आला.
किल्ली हॅलिफॅक्सहून येते, व्हॅनमधून.

माझे वडील इस्लामपूरला मामलेदार कचेरीत
वहिवाटीच्या दाव्यांची बाडं बांधायचे.
लाल फडक्याची गाठ मारता मारता म्हणायचे,
जमीन ज्याची त्याचीच राहते रे,
फक्त वाट अडवता येत नाही.
आणि अडवणारा कधीच म्हणत नाही, अडवतो.
म्हणतो, बाभळीच्या काट्या वाऱ्यानं आल्या असतील.
म्हणतो, फाटकाची किल्ली चुलत्याकडं,
चुलता मिरजेला गेलाय.

दहा वाजून पाच मिनिटांनी ऑर्मरॉड उतरतो.
उशीर का, ते मी विचारत नाही, तो सांगत नाही.
जिना, धुळीचा आणि तापलेल्या मेणाचा वास,
भिंतभर तारांच्या जटा,
एकेका जटेत एकेक घर.

मिसेस फील्डन, क्रॉस स्टोनच्या चढावरची,
पाच आठवडे वाट बघतेय.
तिचं घर म्हणजे इथे दोन तारा, एक पांढरी, एक निळी.
ऑर्मरॉड त्या उपटतो, नवी जोडी ओवतो,
आमच्या पट्टीवर ठोकतो. टक. टक.
चार मिनिटं.
पाच आठवडे आणि चार मिनिटं.

पिंजऱ्यात माझा हिरवा दिवा लागतो.
तो थर्मासच्या झाकणात मला चहा ओततो.
म्हणतो, ही केबल माझ्या बापानं ओढली, चौसष्ट साली,
पोस्टात होता तेव्हा. बोटं सोलून निघाली होती.
मग ही कुणाची, मी विचारतो.
तो बराच वेळ तारांकडं बघतो.
"तेव्हा राणीची होती," म्हणतो,
"आता शुक्रवारपर्यंत माझी. बदली झालीये."

हे सगळं वीस वर्षांपूर्वीचं.

आता त्या खोऱ्यात आमची काच जाते,
आमच्या नळ्यांमधून, आमच्या झाकणांखालून.
पिंजरा मोडीत गेला, त्याच्या जाळीला
कुणाच्या तरी परसात वाटाण्याचे वेल चढलेत म्हणे.
मी लीड्सला बसतो, चौथ्या मजल्यावर. पंखा आहे.

मंगळवारी एक पत्र आलं.
डोंगरावरच्या अकरा घरांनी मिळून काढलेली संस्था.
लिहिणारी टॅम्सिन ग्रेव्हस्टॉक, मेंढ्या पाळते,
केबल जोडायला रात्रीच्या वर्गात शिकली.
तुमच्या नळीत बोटभर जागा मिळेल का,
नियमाप्रमाणे भाडं देऊ.

जागा आहे. मला माहीत आहे, आहे.
मी लिहिलं: पाहणी बाकी आहे.
लिहिलं: पंधरा कामाचे दिवस.
लिहिलं, आणि पाठवलंसुद्धा,
की झाकणं उघडणारा माणूस सध्या रजेवर आहे.

खरंच आहे तो रजेवर.
मिरजेला नाही, टेनेरिफला.

तिचं उत्तर जेवणाच्या सुट्टीत आलं:
हरकत नाही. मी शनिवारीही येऊ शकते.
झाकणापाशी थांबेन, चहा घेऊन येते.