एक दात कमी

रीळ उघडायचं तर आधी वर्तमानपत्र पसरावं,
त्यावर पांढरं फडकं.
नुसत्या वर्तमानपत्रावर पडलेला स्क्रू
बातमीत हरवतो.

एकतीस वर्षं मी शिलाई मशिनं दुरुस्त केली,
चोडणला, फेरीच्या धक्क्यापासून तिसऱ्या घरात.
मशिनं संपली. मग पोरं रिळं आणू लागली,
आजोबांची, काकांची, माळ्यावर सापडलेली,
बहारीनहून कुणीतरी कधीतरी पाठवलेली.
मूठ फिरत नाही,
फिरली तर थांबत नाही.
वरून चकचकीत असतात काही. तीच जास्त बिघडलेली.
खारं पाणी आतून जेवायला बसतं.

रॉकेल आता मिळत नाही. मग मी गेल्या मोसमातला
उतरलेला हुर्राक घेतो वाटीभर,
जुना टूथब्रश, कानकोरणं.
वास सुटतो. बायको खिडक्या उघडते
आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते,
आज रीळ किती प्यालं?

सुटे भाग ताटात मांडायचे.
जिथे मीठ वाढतात तिथून सुरुवात,
उजवीकडे सरकत सरकत.
जोडताना उलट, मिठापर्यंत परत.
एकदा स्प्रिंग उडाली ती तीन दिवसांनी
मांजराच्या बशीत सापडली.
मांजर अजून माझ्याकडे संशयाने बघतं.

एर्मेलिंद आली ती कांद्यांच्या पिशवीत रीळ घेऊन.
"सालूचें," एवढंच म्हणाली.
सालू जाऊन दीड वर्ष झालं.
भरतीच्या रात्री तो मानशीवर बसायचा,
तिच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर,
पाणी खाजनात शिरतं तिथे.

आत ग्रीस डिंकासारखं वाळलेलं.
त्यात रुतलेला एक खवला, चणकाचा असावा,
अंगठ्याच्या नखाएवढा.
तो मी फेकला नाही, का ते विचारू नका.
आणि मुख्य चाकाचा एक दात गेलेला.

दात लावता येत नाही. अख्खं चाक बदलावं लागतं.
माझ्याकडे एका मेलेल्या रिळाचं होतं,
बसलं, जणू इथलंच.
तेल दोन थेंब. तिसरा थेंब हावरटपणाचा.
मूठ फिरवली,
खोबरेल ओतल्यासारखी फिरली.
माझंच मला बरं वाटलं.

तिने कानाशी धरलं.
पुन्हा फिरवलं.
"आवाज खंय गेलो?"

मी म्हटलं, आवाज नाही म्हणजेच दुरुस्त.
तिने पिशवी खाली ठेवली.
उभ्या उभ्या सांगितलं:
रात्री ती दाराशी ऐकत असायची. कट्. कट्. कट्.
एकसारखं आलं तर गळ रिकामा,
मग सकाळची सुकी सुंगटं, तीच परतायची.
कट्, मग काही नाही, मग कट् कट्,
मग बराच वेळ काही नाही,
म्हणजे मासा ओढतोय.
ती उठून नारळ फोडायची.
तो घरी पोचेपर्यंत वाटण तयार.
तो विचारायचा, तुला कसं कळलं?
बावीस वर्षं विचारत राहिला.
तिने सांगितलं नाही.

मी काही बोललो नाही. ताट पुन्हा मांडलं,
मिठाच्या जागेपासून.
तुटका दात असलेलं चाक डब्यात होतं, वरच.
ते लावलं.
कामाचे पैसे घेतले, उलट कामाचे नाही,
तर तीच भांडली, दोन्हींचे दिले.
आणि जाताना म्हणाली, गळ कुठला चांगला,
मला बोटं दुखतात, मोठा चालेल ना?

परवा भरती साडेअकराला होती.
वारा मानशीकडून.
बायको झोपलेली, मी जागा.
कट्. कट्. कट्. कट्.
एकसारखं.

मी कूस बदलली.
सकाळी बायको म्हणाली, रात्री दोन वेळा उठून
स्वयंपाकघरात काय शोधत होतास?
नारळ आहे का बघत होतो,
असं काही मी तिला सांगितलं नाही.