काउंट डे

ऑक्टोबरचा पहिला बुधवार.
आज डेट्रॉइटभर पोरं मोजतात.
डोक्यामागे पैसे येतात, म्हणून आज पिझ्झा,
म्हणून लकी ड्रॉला दोन सायकली,
म्हणून मी, लॅव्हर्निया टब्ज, रजिस्ट्रार,
बावीस वर्षं याच खिडकीत,
सकाळी सहापासून फोन लावतेय:
अंगात कणकण असली तरी पाठवा, बाई,
हजेरी होईस्तोवर बसू दे, मग हवं तर न्या.

मुख्य ऑफिसातून टोबायस लिंड आलाय.
लॅपटॉपवर तीन खांब उभे करतो.
हार्बर लँटर्न अकॅडमी: पोरं टिकण्याचं प्रमाण चौऱ्याण्णव टक्के.
सेकंड सनराइज: सत्त्याऐंशी.
आमची रिव्हरबेंड: एकाहत्तर.
आमचा खांब ठेंगणा, त्यालाच लाल रंग.

"तुमच्याकडे एवढी गळती का?"

मी वर बघते.
छत खरंच गळतं, ग्रंथालयाच्या दारापाशी.
झिएलिन्स्कीने खाली बादली ठेवलीय
आणि रोज सकाळी किती साचलं
ते पेन्सिलीने भिंतीवर लिहितो.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

टोबायसला मी डेमेट्रिक हॉलोवे सांगते.
पाचवीत तो हार्बर लँटर्नला होता.
तिथे पट्टा नसला की घरी पाठवतात.
अकरा वेळा पाठवलं.
बाराव्या वेळी आईला खुर्ची दिली, कॉफी दिली,
म्हणाले, याला दुसरीकडे जास्त बरं वाटेल.
दाखल्यावर कारण: पालकांची इच्छा.
सही आईचीच. कागदात खोटं काही नाही.
सहावीत सेकंड सनराइज.
मार्चमध्ये त्यांची बस बंद झाली, चालत पावणेदोन तास.
सातवीत आमच्याकडे, नोव्हेंबरात,
मोजणी होऊन महिना उलटल्यावर.
पैसे तिकडे राहिले, पोरगा इकडे आला.

घरचा हीटर बंद होता त्या वर्षी.
आमचा निळा स्वेटर, त्याखाली मरून, त्याखाली हिरवा,
तिन्ही शाळांची बोधचिन्हं एकाच छातीवर,
एकावर एक.
जानेवारीत तो आमच्याकडूनही गेला.
कोड चौदा, पत्ता अज्ञात.
मीच टाकला.

अज्ञात कसला.
शनिवारी ग्रॅशियटवरच्या लॉन्ड्रीत दिसतो,
लोकांच्या चादरी घडी घालतो, कोपऱ्याला कोपरा लावून.
"मिस टब्ज," म्हणतो.
शाळेत जातोस ना?
"जातो की."
कुठल्या, ते मी विचारलं नाही.
कळलं असतं तर लिहावं लागलं असतं.

टोबायस टाइप करतो. भला पोरगा आहे,
त्याच्या बुटांना पिठासारखं मीठ लागलंय,
कुठल्या गल्लीत गाडी लावायची ते अजून त्याला ठाऊक नाही.
"मग हार्बर लँटर्नचे चौऱ्याण्णव..."
"खरे आहेत," मी म्हणते.
"गेलेल्याची जागा ते भरत नाहीत. उरतात ते टिकतात."
एवढं बोलून गप्प बसते.
माझी नात ओडेलिया तिथेच आहे, सहावीत.
तिचा पट्टा रोज रात्री मी दाराच्या मुठीला अडकवून ठेवते.

साडेअकरा.
कॅफेटेरियात चीजचा वास, पुठ्ठ्याची खोकी छातीइतकी उंच.
यादीवर तीनशे बारा.
शेवटची खूण करून मी पेन्सिल कानावर ठेवते,
तर दारात डेमेट्रिक.
उंची वाढलीय. निळ्याच्या बाह्या कोपरापर्यंत आल्यात,
त्याखालून मरून, आणि हिरव्याचा नुसता एक धागा.
"आज पिझ्झा असतो ना?"

टोबायस माझ्याकडे बघतो, मग यादीकडे.
"हा कुणाच्या पटावर?"

दोन तुकडे देते त्याला, वरचे, गरम.
ते संपेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही,
असं टोबायसला डोळ्यांनीच सांगते.
तिकडे बादलीत
एक थेंब पडतो. झिएलिन्स्की
भिंतीकडे जायला उठतो.