चटईखाली

कोंबडा आरवायच्या आधीच ते आले.
आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब,
त्यामुळे न बघण्याची सोय नव्हती.
समोरच्या काळ्या लाव्हाच्या खडीवर
एक माणूस मांडी घालून बसला, मान खाली,
आणि त्याच्या लोकांनी त्याच्यावर
बारीक विणीची चटई पांघरली.
पुढ्यात सरपण ठेवलं, दगड ठेवले, हिरवी पानं ठेवली.
म्हणजे, भट्टी लावा, हवं तर आम्हाला भाजा.
सामोआत अशी माफी मागतात.
अपराध्याने तोंड उघडायचं नसतं.

चटईखाली पेनिताला होता.
त्याच्याच ट्रकखाली माझा मलाकी गेला,
गुरुवारी संध्याकाळी,
हातात पावाची पिशवी असताना.
पाव चपटला नव्हता. हे मला अजून कळत नाही.

नवरा खांबाला टेकून बसलेला, मांडीवर कोयता.
उचलू नकोस, असं तो म्हणाला नाही.
उचल, असंही नाही.
चटई उचलली की संपलं, माणूस मोकळा.
नाही उचलली तर कोयता बाहेर पडू शकतो,
आणि चटईखालच्याला
येणारी पावलं फक्त ऐकू येतात.
कुणाची, कशासाठी, ते कळत नाही.

ऊन चढलं.
पाळक इलाइया आला.
एरवी पाऊण तास बोलल्याशिवाय न थांबणारा माणूस,
काही न बोलता अपराध्यांच्या रांगेत जाऊन बसला,
गरम खडीवर, पांढऱ्या कपड्यांनिशी.
मला त्याचा राग आला.
तू कुणाचा पाळक, असं ओरडावंसं वाटलं.

आता माझं सांगते, देवा,
तुला ठाऊक आहे, तरी सांगते.
त्या दिवशी घरात पाव होता.
चर्चच्या छपरासाठी बायकांनी जमवलेली पेटी माझ्याकडे होती
आणि मी त्यातून चाळीस ताला बाजूला काढत होते.
पोराने बघू नये म्हणून म्हटलं,
जा रे, पाव घेऊन ये.
हसत गेला. सुटे पैसे मागून घेतले माझ्याकडून.

माझ्यावर कुणी चटई घातली नाही.
लोक सांत्वनाला येतात, केळी आणतात,
माझे हात हातात घेतात.
हेच हात.

दुपार व्हायला आली तेव्हा चटई खोकली.
एकदा जाड आवाजात,
आणि मग एकदा बारीक.
आत त्याची मुलगी होती.
तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं,
रात्रीच कधीतरी बापाच्या कुशीत शिरली असणार.

मी उठले.
क्षमा होती म्हणून नाही.
पीठ संपलेल्या डब्यात हात घालावा
तशी मी आत चाचपून पाहिली,
काही लागलं नाही.
तरी खडीवरून चालत गेले
आणि चटईची कड धरली.
ती इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.
खाली घामाने भिजलेला माणूस,
डोळे गच्च मिटलेले,
मारासाठी खांदे आवळलेले.
उजेड पडला तरी त्याने डोळे उघडले नाहीत.
मुलीने उघडले.
म्हणाली, पाणी.

मग सगळे जेवले आमच्याकडे.
त्यांच्याच सरपणावर आमचं तारो शिजलं.
पेनितालाचा घास हातातच राहिला
आणि नवऱ्याने, माझ्याकडे न बघता,
त्याच्या पानात मासा सरकवला.
रात्री मात्र तो भिंत शोधत फिरला,
डोकं आपटायला. आमच्याकडे भिंत नाही.

चटई आमच्याकडेच राहिली. तशी रीत आहे.
पेटीतले चाळीस ताला मी परत ठेवले,
पण कुणाला सांगितलेलं नाही.
रविवारी पेनिताला दोन बाकं पुढे बसतो,
सूर सोडून गातो,
आणि मला अजूनही त्याची मान बघवत नाही.

सगळे झोपले की
मी ती चटई काढते, अंगणात नेते,
डोक्यावरून ओढून घेते.
समुद्राचा आवाज येतो. विणीतून थोडं चांदणं.
बसून राहते.
काल खडी वाजली.
कुणीतरी येत होतं,
अनवाणी,
घाई न करता.