कानामागून

माँटेव्हिडिओत अजून जुन्या लिफ्टा आहेत,
लोखंडी जाळीच्या, पितळी मुठीच्या,
एक माणूस आणि त्याची पिशवी, एवढ्याच मापाच्या.
मी त्या तपासते. सव्वीस वर्षं.
काम संपलं की आत डकवलेल्या कागदावर सही:
नेल्बा इरुरेता. खाली तारीख.
चढणारे ती वाचत नाहीत, आरशात केस बघतात.
तेच बरं.
ज्या दिवशी वाचतील
त्या दिवशी काहीतरी तुटलेलं असेल.

बढतीसाठी अर्ज केले.
पहिल्यांदा अनुभव कमी पडला, दुसऱ्यांदा जास्त झाला.
तिसऱ्यांदा पगाराऐवजी पदनाम मिळालं: वरिष्ठ.
ते घरी आणून ओट्यावर ठेवलं.
चार कांदेसुद्धा आले नसते त्यात.

बहीण म्हणाली, मन रमव कशात तरी.
मन रमत होतं, हीच तर अडचण.
ज्याचं मन रमतं त्याला कमी दिलं तरी चालतं,
असं कुठल्यातरी खात्यात
लिहून ठेवलेलं असावं.

मग पन्नाशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात नाव घातलं.
शेजारच्या बाकावर भाच्याच्या वयाची मुलं,
थर्मासमध्ये येर्बाचं कडू पाणी,
आणि नदीवरून येणारा वारा,
माझ्याआधी पानं उलटणारा.
दोन हिवाळे.
पास झाले. हाताखाली शिकाऊ द्यायला लागले.
पगार वाढला. थोडासाच,
पण खोटं कशाला बोलू, आवडला.

यंदाची आयेलेन तेचेरा. वीस वर्षांची,
दोन बस बदलून येते, झोप डोळ्यांत घेऊन.
सरांदी रस्त्यावरच्या इमारतीत
लिफ्टच्या टपावर उभ्या होतो दोघी,
अंधारात, तेलाच्या वासात.
आधी ऐक, मग बघ,
मी माझं नेहमीचं सांगितलं.
खालून वर, वरून खाली, एक फेरी.
दोर ठीक. ब्रेक ठीक. मी पेन काढलं.
थांबा, ती म्हणाली,
चौथ्या मजल्यापाशी शिट्टी वाजतेय. बारीक.

पुन्हा चढलो. मी डोळे मिटले.
कुणाच्या घरातला रेडिओ,
कढईत पडलेला कांदा,
माझा श्वास.
आत्ता, ती म्हणाली. आत्ता वाजली.

रोलर उघडला.
बेअरिंगच्या कड्याला केसाएवढी चीर.

कानामागून आलेली पोर तिखट झाली,
आणि अगदी कानामागूनच,
माझ्या डाव्या खांद्याआड उभी होती.
राग आला का? आला.
तो तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकला.
त्याखाली दुसरंच काही होतं:
कधीपासून ऐकू येत नाहीये मला?
कुठल्या सहीनंतर?
जन्मभर कशाकडे कानाडोळा केला नाही,
शेवटी कानानंच डोळा चुकवला.

डॉक्टरनं कागदावर उतरती रेघ काढून दाखवली.
साहेबांना मीच जाऊन सांगितलं.
ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, निवृत्तीला किती उरलीत?
मी म्हटलं, आधी एकेचाळीस इमारती उरल्यात,
गेल्या वर्षी सही केलेल्या.
त्या पुन्हा ऐकायच्या. पोरगी बरोबर हवी,
आणि तिला पूर्ण रोज.
इतक्या वर्षांत स्वतःसाठी मागताना
आवाज एवढा सरळ निघाला नव्हता.

आता शनिवारीसुद्धा जातो.
ती ऐकते, मी बोटं टेकवून बघते,
बोटांना अजून कळतं पुष्कळ.
एकोणीस झाल्या. दोनमध्ये सापडलं.
सापडलं की तिचे डोळे असे चमकतात
की मला माझा पहिला दिवस आठवतो,
पावाच्या दुकानावरची ती लिफ्ट,
खाली उतरल्यावर हाताला येणारा गरम पिठाचा वास.

कागदावर आता दोन सह्या.
काल एक बाई पिंजऱ्यात पोपट घेऊन शिरली,
आरशात पोपटाला दाखवलं, वर गेली.
कागदाकडे बघितलंही नाही.

आयेलेनची सही फार मोठी,
चौकटीबाहेर जाते.
सांगणार होते, जरा लहान कर.
राहिलं.