कसर

दोन वर्षांनी बुरुलसूनने शिर्दाक उलगडला.
लाल-काळा नमदा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी,
सासूने आणि तिने मिळून तुडवलेला, पोटऱ्या भरून येईस्तोवर.
उलगडताना भुशासारखं काही गळलं:
केसाळ, पट्ट्यापट्ट्यांची,
तांदळाच्या कणीएवढी रिकामी कातडी.

लेक फोनवर म्हणाली, टाकून दे आई.
इथे बिश्केकला बाजारात प्लास्टिकचे मिळतात,
धुता येतात, त्यांना काही म्हणजे काही खात नाही.
हं, म्हणाली बुरुलसून.

मग गुडघ्यांवर बसून भोकं मोजत राहिली.
एकोणीस.
पण सगळीकडे नव्हती.
भिंतीकडची कड धडधाकट.
दाराशी एक, टाचणीएवढं.
सगळी दाटी चुलीच्या डाव्या अंगाला,
जिथे सागिनबाय बसायचा,
उजवा तळवा टेकून कण्हत उठायचा,
जिथे त्याचा चहा सांडे, रश्श्याचा ओघळ,
आणि शेवटच्या हिवाळ्यात नुसता घाम.

कोऱ्या लोकरीवर ही अळी नीट पोसत नाही,
नारिनच्या बाजारातला लोकरवाला तिला म्हणाला होता,
तिला माणसाचं काहीतरी लागतं.

चाळिसाव्या दिवसानंतर बायकांनी घर धुऊन काढलं
तेव्हा हा एवढा तिने कपाटामागे सारला होता.
न धुता.
कुणाला सांगितलं नव्हतं का ते.

माझ्या भाषेत ह्या किड्याला कसर म्हणतात.
उणं राहतं त्यालाही.
तिच्या भाषेत काय म्हणतात, मी विचारलं नाही.

जानेवारीत, उणे सत्तावीसमध्ये,
तिने तो अंगणातल्या बर्फावर पालथा घातला.
पंधरा रात्री.
काठीने झोडपला, झटकला, पुन्हा आत आणला.
ठिगळासाठी लाल लोकर काढली,
आणि डब्यात परत ठेवली.

एप्रिलच्या सुरुवातीला खिडकीच्या काचेवर
एक ठिपका चालताना दिसला.
पांढरा-तपकिरी, मिरीहून लहान, पाठ गोल.
एखादा वाचलाच असणार.
मोठे झाले की ते लोकरीला तोंड लावत नाहीत,
उजेडाकडे जातात, फुलांतले पराग खातात.
अंगणातल्या जर्दाळूला अजून कळीही नव्हती.

फटींवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या
मेपर्यंत काढायच्या नसतात.
तिने नखाने एक सोलली,
तावदान बोटभर ढकललं.

थंडी आत आली.
ती शिर्दाकवर येऊन बसली,
भोकांच्या थोडं अलीकडे.